एका अक्षरजोडीचे तीन शब्द

इंग्रजी शब्दकोशात ‘जी’ आणि ‘ओ’ या अक्षरांनी आरंभ होणारे तीन शब्द आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत : गॉस्पेल, गुडबाय आणि गॉसिप. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु त्यांच्या पूर्वेतिहासात आपल्या श्रद्धेचा बराच अंश दडलेला आहे.

ग्रीक भाषेतील ‘चांगली वार्ता’ या अर्थाच्या शब्दाचे जुन्या इंग्रजीत ‘गोडस्पेल’ असे भाषांतर झाले. त्यातील ‘गोड’ म्हणजे चांगला आणि ‘स्पेल’ म्हणजे वृत्तांत. त्या काळच्या लिखाणात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा दाखवीत नसत. त्यामुळे ‘चांगला’ आणि ‘देव’ हे शब्द सारखेच दिसत. पुढे उच्चारही ऱ्हस्व झाला आणि ‘चांगली वार्ता’ ही ‘देवाची वार्ता’ समजली जाऊ लागली. आइसलँडच्या भाषेत तर आजही तोच अर्थ रूढ आहे. आपले ‘शुभवर्तमान’ आणि ‘सुवार्ता’ हे शब्द मात्र मूळ अर्थाला धरून आहेत.

‘गुडबाय’च्या बाबतीत नेमके उलटे घडले. ‘देव तुमच्याबरोबर असो’ या निरोपाच्या आशीर्वादाचे ते संक्षिप्त रूप होय. १५७३ मधील एका पत्रात ते आढळते. पुढे ‘गुड नाइट’सारख्या शब्दांच्या सहवासात देवाच्या जागी ‘गुड’ आला. पोर्तुगीजांच्या ‘आदेउश’ या निरोपात देव अजून टिकून आहे.

तिसऱ्या शब्दाची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. ‘गॉसिप’चे मूळ रूप ‘गॉडसिब’, म्हणजे देवाच्या नात्याने झालेला आप्त. स्नानसंस्काराच्या वेळी बाळासाठी उभे राहणारे धर्ममाता-धर्मपिता ते हेच. यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांनी १०१४ मधील प्रवचनात अशा आप्तांच्या हत्येबद्दल आपल्या लोकांची कानउघाडणी केली होती. हे नाते इतके खरे मानले जाई, की चर्चच्या कायद्यानुसार ते विवाहाला बाधक ठरे. लॅटिन चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत हा प्रतिबंध उरला नाही.

पुढे या शब्दाचा अर्थ जिवलग मित्र असा झाला. नंतर बाळंतिणीजवळ जमणाऱ्या शेजारणी, आणि अखेर त्यांच्या गप्पा. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात धर्मपालक, मद्यपानातील सोबती आणि चहाड्या सांगत हिंडणारी व्यक्ती असे तीन अर्थ एकाखाली एक दिले आहेत. फ्रेंच भाषेतही धर्ममातेच्या नावावरूनच कुचाळकीला शब्द मिळाला. म्हणजे हा दोष एकट्या इंग्रजांचा नव्हे.

अर्थ असे एकाएकी ढळत नाहीत. आधी व्यवहार सैल होतो. आज आपल्या घरी धर्ममाता-धर्मपिता निवडताना आपण कशाचा विचार करतो? भेटवस्तूचा, मानपानाचा, की बाळाच्या श्रद्धेला पुढे कोण हात देईल याचा? संस्कारानंतर वर्षानुवर्षे त्या बाळाची विचारपूस न करणाऱ्यांकडे केवळ नाव उरते, नाते उरत नाही. ज्यांनी कधी वेदीपुढे एखाद्या बाळासाठी शब्द दिला आहे, त्यांनी या आठवड्यात त्याच्या घरी एकदा जाऊन यावे.