पल्ल्याची धास्ती

विजेवर चालणाऱ्या मोटारीत बसणाऱ्याला एक धास्ती नेहमी छळते. बॅटरीत उरलेली वीज आणि पुढची वाट यांचा मेळ बसेल, की गाडी आडरानात उभी राहील? या धास्तीला इंग्रजीत ‘रेंज अँग्झायटी’ म्हणतात. आपण तिला पल्ल्याची धास्ती म्हणू. हा शब्द छापून आला तो १९९७ च्या सप्टेंबरात, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोच्या एका व्यापारी साप्ताहिकात. आदल्या वर्षीच्या अखेरीस जनरल मोटर्स कंपनीने ‘ईव्ही १’ ही विजेची मोटार भाडेकराराने देण्यास आरंभ केला होता, आणि तिच्या चालकांच्या मनःस्थितीचे ते वर्णन होते. पुढे २०१० साली याच कंपनीने हा शब्द आपल्या नावे नोंदवून घेण्यासाठी अर्ज केला! व्यापाऱ्याला भीतीचेही मोल कळते ते असे.

नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. आणि गंमत अशी की ती तेलाच्या मोटारीच्याही वाट्याला आलेली आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ, पतीला न कळविता, दोन मुलांसह मानहाइमहून आपल्या माहेरी, फोर्झहाइमला, मोटारीने निघाल्या. वाट सुमारे शंभर किलोमीटरांची. पेट्रोल पंप ही गोष्ट तेव्हा जगात नव्हती. इंधन सरत आले तेव्हा वीसलोख गावच्या औषधालयातून त्यांनी लिग्रॉइन विकत घेतले. एरवी ते डाग काढण्यासाठी खपत असे. तेलाची नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली, ब्रेक झिजला तेव्हा चांभाराकडून त्यावर कातडे ठोकून घेतले. या बाईंना धास्ती वाटलीच नसेल असे मला वाटत नाही. परंतु वाटेत दुकान होते, आणि तेल बाटलीत भरून नेता येत होते. वीज बाटलीत भरता येत नाही. सारा पुढचा इतिहास या एका फरकातून निघाला आहे.

१९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,५७५ विजेच्या होत्या आणि तेलाच्या अवघ्या ९३६, बाकीच्या वाफेच्या. विजेच्या गाडीला दुर्गंधी नव्हती, हाताने फिरवायचा दांडा नव्हता. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवीत असत. ती एका भरणीत सुमारे ८० मैल जाई, म्हणजे शहरातील फेऱ्यांना पुरून उरेल एवढी. पण वीज बहुधा शहराच्या वेशीपाशी संपे, आणि तेलाचा डबा खेड्यातल्या वाण्याकडेही मिळे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर बसविला आणि तो त्रासदायक दांडाही गेला. बॅटरी अशक्त होती हे खरेच. तथापि विजेच्या मोटारीला शहराबाहेरच्या रस्त्याने हरविले, असे मी म्हणेन.

याला पुरावा हार्टफोर्डचा. कनेक्टिकट राज्यातील या शहरात तिथल्या वीज कंपनीने १९१० च्या सुमारास एक तोड काढली. व्यापाऱ्याने मालमोटार बॅटरीविना घ्यायची, बॅटरी कंपनीची. तिच्यातील वीज संपली की ती काढून भरलेली बसवायची, आणि महिन्याच्या ठराविक आकाराशिवाय चाललेल्या मैलांप्रमाणे पैसे द्यायचे. बॅटरीच्या आयुष्याची काळजीही कंपनीचीच. हा व्यवहार १९२४ पर्यंत चालला आणि या गाड्यांनी मिळून ६० लाखांहून अधिक मैल तोडले. बॅटऱ्या त्याच काळातल्या होत्या, काही जादूच्या नव्हत्या. सोय होती, म्हणून धास्ती नव्हती.

म्हणूनच १९९७ च्या त्या चालकांना भित्रे ठरविणे मला मान्य नाही. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्यांची गाडी ७० ते ९० मैल जाई, वाटेत वीज भरण्याची ठिकाणे तुरळक, आणि एकदा भरायला काही तास लागत. अशा वेळी आकड्यावर डोळा ठेवणारा माणूस हिशेबी म्हणावा. पुढे कंपनीने करार संपताच गाड्या परत घेतल्या व बहुतेक मोडीत काढल्या. २००५ साली बर्बँक येथे शेवटच्या ७८ गाड्या उरल्या होत्या. त्या वाचाव्यात म्हणून चालक आणि त्यांचे साथी कुंपणाबाहेर जवळजवळ महिनाभर रात्रंदिवस पहारा देत बसले; प्रत्येक गाडीस २४,००० डॉलर देऊ, म्हणाले. कंपनीने त्या विकल्या नाहीत.