डि'सोझा आणि एकेरी अवतरण

* शेलच्या आज्ञेने यादीत शोधायचे नाव एकेरी अवतरणात टाकावे, एवढेच लेखकाने मजकुरात सांगितले आहे. एरवी ते पुरते. १९७९ च्या बोर्न शेलपासून एकेरी अवतरणात डॉलर, तारा, बॅकस्लॅश सगळेच आपला खास अर्थ सोडतात. दुहेरीत डॉलर आणि बॅकटिक जागेच असतात. 'मीरा रोड'मधली मोकळी जागाही अवतरणामुळे सांभाळली जाते. पण मीरा-भाईंदरच्या यादीत उत्तन-डोंगरीचे डि'सोझा, डि'मेलो येणारच, आणि नावातली अपॉस्ट्रॉफी अवतरण अर्ध्यातच बंद करते. मग शेवटचे चिन्ह उघडे राहते आणि शेल > दाखवून पुढच्या ओळीची वाट पाहत बसतो. एकेरी अवतरणाच्या आत बॅकस्लॅशचाही उपयोग नाही. म्हणून अवतरण बंद करायचे, बाहेर बॅकस्लॅश लावून अपॉस्ट्रॉफी लिहायची, पुन्हा अवतरण उघडायचे: 'डि'\''सोझा'. दिसायला कुरूप, पण बिनचूक. "डि'सोझा" असे दुहेरीतही चालते (आडनावात डॉलर कशाला येईल!). मोबाइलवरून चिकटवलेली वळणदार ’ मात्र शेलला अवतरण वाटतच नाही. यादीत सरळ चिन्ह असेल तर शोध रिकामा येतो. वाचकांनी आधी यादीतले चिन्ह तपासावे. — संपा.