शिवनेरी पाहताना : पाळण्याआधी पाणी पाहा

मंडळी, कवठे येमाईहून सकाळी लवकर गाडी काढली, की मंचर, नारायणगाव करत आपण जुन्नरला पोचतो. घरातली सगळी मिळून एका दिवसात शिवनेरी आरामात होतो. आपल्या शेजारी टाकळी हाजीला जी कुकडी रांजणखळगे कोरत जाते, तीच या जुन्नरवरून येते. म्हणजे गड तसा आपल्याच नदीकाठचा.

पण होतं काय? सात दरवाजे चढायचे, शिवाईला नमस्कार करायचा, जन्मस्थानी पाळण्यापाशी फोटो काढायचा आणि उतरायचं. एक गोष्ट मुलांना सांगायची राहूनच जाते. ज्या गडावर १९ फेब्रुवारी १६३० ला शिवराय जन्मले, तो गड त्यांच्या स्वराज्यात कधीच आला नाही.

ते सहा वर्षांचे असताना, १६३६ मध्ये, शहाजीराजांना तह करावा लागला आणि जुन्नर प्रांतासह शिवनेरी मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी रातोरात जुन्नर शहर लुटलं, घोडे नेले. गड मात्र तसाच राहिला. १६७३ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही फसला. १६८० मध्ये महाराज गेले. मराठ्यांचं निशाण शिवनेरीवर चढलं ते १७१६ मध्ये, शाहू महाराजांच्या काळात.

आता प्रश्न पडतो, की इतके गड घेणाऱ्या राजाला हाच का मिळाला नाही? त्याचं निम्मं उत्तर गडावरच आहे. कडे उभे आहेत, दरवाजे एकामागे एक आहेत, हे तर दिसतंच. पण वर पोचल्यावर आधी अंबरखाना लागतो, तिथे जरा थांबा. हे धान्याचं कोठार. पुढे गंगा-जमुना ही खडकात खोदलेली टाकी. भर उन्हाळ्यातही त्यांत पाणी असतं. इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ मध्ये मोगल अधिकाऱ्यांच्या बोलावण्यावरून इथे आला होता. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री आहे, असं त्याने लिहून ठेवलंय. अशा गडाला वेढा घालून काय होणार? वेढा घालणारेच आधी उपाशी मरायचे!

उरलेलं निम्मं उत्तर गडाच्या पलीकडे आहे. नाणेघाटातून कोकणात उतरणारी, सातवाहनांपासूनची व्यापारी वाट जुन्नरवरूनच जाते. मोगल हे ठाणं सहजासहजी सोडणार नव्हते.

आम्हाला वाटतं, यामुळे महाराज लहान होत नाहीत. उलट, जन्मभूमी समोर दिसत असताना तिच्यापायी हट्टाने माणसं न घालवणारा राजा आपल्याला कळतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले, त्यांत शिवनेरी आहे. तेव्हा पुढच्या खेपेला लेकरांना पाळण्याआधी टाक्यांजवळ न्या आणि विचारा, "हा गड तुम्ही कसा घेतला असता?" उत्तर शोधू द्या त्यांना. घाई करू नका.