मुदपाकखान्याचा अधिकारी

हैदराबादेतील आपल्या जुन्या मराठी घराण्यांत मुलाने अभियंता व्हावे, डॉक्टर व्हावे, निदान सरकारी कचेरीत लागावे, ही अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अलीकडे मात्र एखादा नातू बारावीनंतर शेफ होण्याचा मनोदय सांगतो आणि घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. ‘म्हणजे आचारीच ना?’ असे कोणीतरी विचारतेच. या प्रश्नातील ‘च’ आला कोठून, याचा इतिहासाच्या आधारे थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्राचीन राजनीतीच्या ग्रंथांत पाकशाळेचा प्रमुख हा नुसता रांधणारा नसून अधिकारी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्यास ‘माहानसिक’ म्हटले असून सुरक्षित जागी, चाखून पाहून अन्न सिद्ध करवून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपविली आहे. राजाचे प्राण ज्याच्या हाती, तो माणूस किरकोळ कसा असेल? पुढे अकबराच्या दरबारातही ‘मीर बकावल’ ताटे मोहोरबंद करून पाठवीत असे, हे अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदविले आहे.

आपल्या परिसरातील दाखला तर याहून बोलका आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. १९५६पर्यंत ते हैदराबाद संस्थानच्याच बीदर जिल्ह्यात मोडत होते. राज्य कसे चालवावे हे सांगणाऱ्या या ग्रंथात ‘अन्नभोग’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील मंडक, घारिका, वटक ही नावे वाचताना आपल्या घरचे मांडे, घारगे आणि वडे आठवल्यावाचून राहत नाहीत. स्वतः राजाने ज्या विषयावर लेखणी चालविली, तो विषय हलका मानला जात नव्हता, हे उघड आहे.

शिवशाहीतील अठरा कारखान्यांत ‘मुदबख’ म्हणजे मुदपाकखाना होता. मूळ अरबी ‘मत्बख’. मराठी कानाने त्यात ‘पाक’ ऐकला आणि शब्द आपला करून टाकला. मुदपाकखाना म्हटला की कोठीचा हिशेब, जळणाची तरतूद, माणसांची नेमणूक आणि पंक्तींची व्यवस्था हे सारे आलेच. ज्यांनी कचेरीत खाते सांभाळले आहे, त्यांस हा कारभार काय असतो, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्यासारख्याच, मुलुख सोडून दक्षिणेत स्थायिक झालेल्या तंजावरच्या मराठ्यांनी ही परंपरा ग्रंथरूपाने राखली. एकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ रचले. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) मुदपाकखान्यातील कृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी ग्रंथात नोंदविल्या गेल्या. देशी पदार्थांबरोबर इंग्रजी पद्धतीचे पदार्थही तेथे मराठीत उतरविलेले आहेत. परकी विद्या आपल्या भाषेत आणावयाची, हा त्या काळच्या पाकशाळेचाही बाणा होता.

मग मान ओसरला कसा? उत्तर ‘आचारी’ या शब्दातच आहे. हा शब्द कौशल्याचा नव्हे, आचाराचा, म्हणजे सोवळ्या-ओवळ्याचा आहे. रांधणाऱ्याच्या हाताची चव विचारण्याआधी त्याची जात विचारली जाऊ लागली. पाचशे पानांचा अंदाज कागदावर न मांडता मनात बांधणारा, वाणसामानाची यादी तोंडपाठ सांगणारा आचारी लग्नघरी चार दिवस सर्वांत महत्त्वाचा असे. पाचव्या दिवशी त्याचे नावही कोणास आठवत नसे. परक्या घरी रांधून पोट भरणाऱ्या विधवा स्त्रियांच्या कष्टांची तर दखलही घेतली गेली नाही. १८७५ साली ‘सूपशास्त्र’ छापले गेले, १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली व घरोघर पोहोचली. परंतु पाककला हा प्रतिष्ठेचा पेशा होऊ शकतो, हे आपल्या समाजाच्या मनावर ठसले नाही.

हैदराबादेत बावर्ची आणि रकाबदार अमीर-उमरावांच्या देवड्यांत नावाजले गेले; पण ती प्रतिष्ठा धन्याच्या वैभवाला बांधलेली होती. १९४९मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि मोठे बावर्चीखाने पोसणे अवघड झाले. ज्या फलकनुमा राजवाड्यात १०१ पाहुण्यांचे एकच भोजनमेज मांडलेले आहे, तो २०१०पासून ताज समूहाचे हॉटेल म्हणून चालतो. धनी बदलला, तरी चूल विझली नाही.

या पेशास विद्येचे रूप स्वातंत्र्यानंतर आले. १९५४ साली मुंबईत लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने हॉटेल व्यवस्थापनाची देशातील पहिली संस्था निघाली. १९४८मध्ये हैदराबादेत भारत सरकारचे एजंट जनरल असलेल्या कन्हैयालाल मुन्शींच्या त्या पत्नी, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. हैदराबादेत १९७२ साली फूड क्राफ्ट इन्स्टिट्यूट व १९९६ साली बेगमपेठेत कलिनरी अ‍ॅकॅडमी सुरू झाली. मुंबईच्या ताजमध्ये गोव्याचे मास्कारेन्हास ऊर्फ ‘मास्की’ मुख्य शेफच्या पदास पोहोचले होते. नागपूरचे विष्णू मनोहर दूरचित्रवाणीमुळे मराठी घरांत परिचित झाले.

‘शेफ’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ ‘प्रमुख’ एवढाच आहे. एस्कोफिए या फ्रेंच पाकतज्ज्ञाने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात लष्कराच्या धर्तीवर स्वयंपाकघराची उतरंड बसविली: तळाशी कॉमी, मग एकेका विभागाचा शेफ द पार्ती, त्यावर सू-शेफ आणि सर्वांवर मुख्य शेफ. म्हणजे ज्यास आपण माहानसिक म्हणत होतो, तेच पद नव्या नावाने परत आले आहे. फरक इतकाच की, आता तेथे जात नव्हे, शिक्षण आणि हात पाहिला जातो.

तथापि नातवाने वाट सोपी समजू नये. आरंभीची वर्षे कांदे सोलण्यात आणि भट्टीजवळ उभे राहण्यात जातात. इतरांची दिवाळी ती याची कामाची रात्र. वेतनही सुरुवातीस बेताचेच. हे सर्व त्यास आधी स्पष्ट सांगावे. परंतु एवढे जाणूनही तो ठाम असेल, तर वडीलधाऱ्यांनी ‘आचारीच ना?’ असे न विचारता आजीच्या भरडा वड्याचे आणि पुरणाचे प्रमाण त्यास लिहून द्यावे. शरभेंद्रांच्या मुदपाकखान्याने जे केले, ते आपल्या घरातही होऊ शकते.