रिकामी पुंगळी

बंदुकीची गोळी उडाली की संपली, असा आपला समज असतो. खरं तर उडतो तो पुढचा शिशाचा तुकडा. दारू जळते, बुडातली टोपी एक ठिणगी देऊन निकामी होते, आणि पितळेची पुंगळी जवळजवळ जशीच्या तशी उरते. काडतुसात सहसा सगळ्यात महाग तीच. अमेरिकेतले कित्येक शिकारी आणि हौशी नेमबाज ती घरीच पुन्हा भरतात, आणि त्यासाठी टेबलाला एक छोटा प्रेस बसवतात. स्वतःपुरतं भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा, त्यामुळे हा सगळा प्रकार आपल्याला परकाच.

ह्या काटकसरीचं मूळ मात्र काही फार गोड नाही, मंडळी. १८७० च्या दशकात बायसनचे शिकारी गवताळ मुलुखात महिनोन् महिने असत. दुकान कुठलं तिथे? शिसं, दारू आणि टोप्या गाडीत घालून न्यायच्या आणि मुक्कामावर त्याच त्या पुंगळ्या भरायच्या. त्या शिकारीत बायसनचा जवळजवळ निर्वंश झाला. तेव्हा एकीकडे काटकसर आणि दुसरीकडे ही उधळपट्टी!

१८८४ साली जॉन बार्लो ह्यांनी कनेक्टिकटमध्ये 'आयडियल' नावाची कंपनी काढली. त्यांचं हत्यार म्हणजे थेट आपला अडकित्ताच. दोन दांड्या दाबल्या की काम होई. गरिबाचा प्रेस म्हणायचा तर हाच.

पण हे सगळं जमतं ते पुंगळीच्या बुडातल्या एका भोकामुळे. टोपी बसवण्याच्या दोन तऱ्हा १८६६ च्या सुमारास निघाल्या. बर्डनच्या तऱ्हेत ठिणगीला सहसा दोन बारीक भोकं असतात, तीही बाजूला, त्यामुळे जुनी टोपी काढणं जिकिरीचं. बॉक्सरच्या तऱ्हेत मधोमध एकच भोक. आतून सुई घातली की टोपी बाहेर! गंमत अशी की बर्डन अमेरिकन, त्याची तऱ्हा युरोपात रुजली, आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेत.

शाळेत एन.सी.सी.च्या मुलांना नेमबाजीला न्यायचो, तेव्हा पॉइंट टू-टूच्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत कराव्या लागत. एक कमी भरली की सगळी पलटण गवतात वाकलेली. त्या पुंगळ्यांत ठिणगीचा मसाला काठातच भरलेला असतो, म्हणून त्या पुन्हा भरता येत नाहीत. निव्वळ भंगार.

पण १९४३ साली, युद्धामुळे गोळ्यांचा तुटवडा असताना, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन ह्यांनी हेच भंगार कामाला लावलं. ह्या पुंगळ्या दाबून त्यांच्यापासून शिशाच्या गोळीवरचं आवरण करणारा साचा त्यांनी बनवला. 'रॉक चक' नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी ह्या गोळ्या होत्या, आणि त्यावरूनच 'आरसीबीएस' कंपनीचं नाव पडलं. पुढे त्यांचे ओतीव लोखंडाचे प्रेस प्रसिद्ध झाले. पिढ्यान् पिढ्या टिकणारे, पण वजनदार आणि किमतीलाही तसेच.

स्वस्ताईची खरी बाजी मारली ती विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली ह्यांनी. १९५८ चा त्यांचा 'ली लोडर' म्हणजे प्रेसच नव्हे, खोक्यात मावणारा एक संच. रायफलसाठी जो संच निघाला, त्याला सोबत हातोडी घ्यायची, बस्स. त्यात पुंगळीची फक्त मान आवळली जाते, म्हणून ती ज्या बंदुकीतून उडाली तिलाच पुन्हा नीट बसते. लींनी पुढे हलके अॅल्युमिनियमचे प्रेसही काढले. लोखंडी घ्यावा की अॅल्युमिनियमचा, हा तिथला जुना वाद. मला विचाराल तर वर्षाला शंभरएक गोळ्या उडवणाऱ्याने लोखंडाचं ओझं कशाला घ्यावं? हातोडी पुरे.

टोपी मात्र घरी होत नाही, ती कारखान्यातूनच यावी लागते. २०२० मध्ये अमेरिकेत बंदुकांचा खप एकदम वाढला आणि दुकानांतून टोप्या नाहीशा झाल्या. पुंगळ्या डबाभर, शिसं घरात, प्रेस टेबलाला घट्ट बसवलेला, आणि करंगळीच्या नखाहून लहान टोपीवाचून सगळं अडलेलं.