कळफलक आणि कामगाराची बोटे

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने कळफलकाच्या इतिहासावर बोलावे, याचे पुष्कळांस नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. तेथे मागणीपत्रके टंकलिखित होत असताना आम्ही शेजारी बसून मजकूर सांगत असू. त्या खडखडाटातच एक प्रश्न मनात आला : ही अक्षरे याच जागी कोणी बसवली, आणि ती हलवण्याचा अधिकार कोणाचा?

अमेरिकेतील मिलवॉकी शहरी ख्रिस्तोफर लॅथम शोल्स नावाचे एक मुद्रक व वृत्तपत्र-संपादक होते. दोघा सहकाऱ्यांसह त्यांनी १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट घेतले. पुढे १८७३ साली हे काम रेमिंग्टन या बंदुका व शिवणयंत्रे बनवणाऱ्या कारखान्याकडे गेले आणि १८७४ साली यंत्र बाजारात आले. इंग्रजी कळफलकाची आजची क्यू-डब्ल्यू-ई ही रचना त्याच घराण्यातली. बोटांचा वेग कमी व्हावा म्हणून ती मुद्दाम अशी केली, अशी एक कथा फार सांगितली जाते. परंतु तिला भक्कम आधार नाही.

१९३६ साली सिएटलचे प्राध्यापक ऑगस्ट ड्वोरॅक यांनी नव्या रचनेचे पेटंट घेतले. वारंवार लागणारी अक्षरे बोटे विसावतात त्या मधल्या ओळीत आणावीत, हे तिचे तत्त्व. तरीही जुनी रचना हटली नाही. याचे कारण आम्हांस उघड दिसते. मालक असे यंत्र घेई, ज्यावर काम करणारी माणसे मिळत; आणि माणसे असे यंत्र शिकत, जे मालकाकडे असे. खरे भांडवल लोखंडात नव्हते, हजारो टंकलेखकांच्या बोटांत होते. फक्त ते कोणाच्याही जमाखर्चात दाखवले जात नसे.

आता आपल्या मराठीकडे येऊ. पन्नासाच्या आतबाहेर कळा आणि आपली जोडाक्षरांची लिपी यांचा मेळ कसा घालावा? देवनागरी टंकयंत्राने युक्ती केली : अर्धे अक्षर एका कळीवर व काना दुसरीवर. घ, ध, भ, श यांसारखी अक्षरे अशी दोन ठोक्यांत पुरी होत. ऱ्हस्व वेलांटी कागदावर आधी दिसते, म्हणून ती अक्षराच्या आधी मारावयाची. १९५५ साली गोदरेजच्या कारखान्यात भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार झाले. १९६४ साली महाराष्ट्राचा राजभाषा कायदा झाला. सरकारी लिपिक-टंकलेखकास मराठीत मिनिटाला तीस शब्दांची अट आली, आणि एक पिढी त्या खडखडाटात पोट भरू लागली.

पुढे संगणक आला. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट ही रचना ठरवली. १९९१ साली ती भारतीय मानकात आली. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर. आणि मराठी, बंगाली, तमिळ या सर्वांचा क एकाच जागी. रचना शहाणपणाची आहे, यात वाद नाही. परंतु ज्याने वीस वर्षे जुन्या यंत्रावर बोटे घडवली, त्याला ती बोटे मोडून पुन्हा घडवावी लागली.

मौज अशी की, याच संगणकाने ही सक्ती अनावश्यक केली होती. टंकयंत्रात अक्षराचा ठसा दांडीच्या टोकाला डाख देऊन बसवलेला असे. संगणकाची कळ मात्र अक्षर पाठवीतच नाही. ती फक्त आपला क्रमांक कळवते. त्या क्रमांकाचे कोणते अक्षर करावयाचे, हे आत ठेवलेला एक तक्ता ठरवतो. तक्ता बदला, कळफलक बदलला! असा स्वतःचा तक्ता तयार करण्याचे साधन मायक्रोसॉफ्टने विनामूल्य दिलेले आहे. त्यात कळीच्या चित्रावर हवे ते अक्षर नेमावयाचे व तयार झालेला तक्ता यंत्रावर बसवावयाचा.

पण येथे पुष्कळांची फसगत होते. तक्ता बसवणे निराळे आणि चालू करणे निराळे. बसवल्यानंतर भाषेच्या मांडणीत जाऊन तो यादीत घ्यावा लागतो, आणि लिहिण्याच्या वेळी विंडोजची कळ व स्पेसची कळ एकदम दाबून निवडावा लागतो. कायदा पुस्तकात असणे आणि कारखान्यात लागू होणे यांतील अंतर आम्ही जन्मभर मोजत आलो, म्हणून आम्हांस हे चटकन उमगले. इन्स्क्रिप्टही विंडोजबरोबर आयतीच येते. पण चालू करीपर्यंत ती निजलेली असते.

काही वर्षांपूर्वी एका कचेरीतील बावन्न वर्षांच्या बाई आमच्याकडे आल्या. त्यांना तीन महिन्यांची मुदत मिळाली होती : नवी रचना शिका, नाही तर टपाल विभागात जा. बाई म्हणाल्या, "भाऊ, मराठी मला येतं हो, पण बोटं ऐकत नाहीत." आम्ही युनियनमधील एका तरुणाला बोलावले. वेलांटीचा क्रम उलटावयाचा असल्याने नुसता तक्ता पुरणार नव्हता. पुढच्या अक्षराची वाट पाहून वेलांटी योग्य जागी लावणारा छोटा प्रोग्रॅम लागतो, आणि तोही तयार मिळतो. तासाभरात काम झाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांसमोर एक पूर्ण पत्र न अडखळता उतरवले. मुदतीचा कागद परत घेतला गेला.

१९२८ साली मुंबईच्या विणकऱ्यांनी दोनांऐवजी तीन साचे सांभाळण्यास नकार दिला, तेव्हा ते यंत्राचे शत्रू ठरवले गेले. वस्तुतः त्यांचा प्रश्न साधा होता : सुधारणेचा भार कोणी उचलावयाचा? कळफलकाच्या इतिहासातही तोच प्रश्न आहे. नव्या मुलांनी इन्स्क्रिप्ट अवश्य शिकावी. परंतु जुन्या हातांपुढे मुदतीचा कागद ठेवण्यापूर्वी कचेरीने एक तास खर्च करून त्यांची रचना यंत्रावर बसवावी, आणि आठवणीने चालूही करावी.