पाण्यातली वाट : पारोळा ते देवबाग

पारोळ्याहून समुद्राकडे जाणाऱ्या तीन वाटा मला माहीत आहेत. पहिली आमच्या गावावरून जाणाऱ्या महामार्गाची. हा रस्ता सुरतेजवळच्या हजिऱ्याला सुरू होतो आणि थेट ओडिशातल्या पारादीपला संपतो. म्हणजे दोन्ही टोकांना बंदर, आणि मधे आम्ही कापसाच्या गाड्यांच्या मागे धूळ खात उभे. दुसरी वाट बोरी नदीची. तामसवाडीच्या धरणातून सुटलेले पाणी अमळनेरवरून तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्रात उतरते. तिसरी वाट माणसांची आणि उलट्या दिशेची. ती कोकणातून पारोळ्याला आली. आमचा भुईकोट ज्या घराण्याच्या जहागिरीचा, ते नेवाळकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोट गावचे. आज ते लांजा तालुक्यात येते.

ही तिसरी वाट उलटी चालून पाहावी, असे बरेच दिवस मनात होते. गेल्या मार्गशीर्षात योग आला. पत्नीची अट एकच होती, कोटला जायचे तर पुढे तारकर्ली-देवबागलाही जायचे. संशोधनाच्या नावाखाली तिने माझ्याबरोबर आजवर पाहिलेली ठिकाणे म्हणजे पडक्या बारवा, बंद देवळे आणि तहसील कचेऱ्यांचे व्हरांडे. त्यामुळे तिची मागणी रास्तच होती.

कोटविषयी सविस्तर पुन्हा कधी तरी लिहीन. इथे संदर्भापुरते सांगतो. जुने खानदेश गॅझेटियर पारोळ्याच्या किल्ल्याचे श्रेय हरी सदाशिव दामोदर यांना देते आणि साल सांगते 1727. हे एकाच माणसाचे नाव, की काका-पुतण्या-आजोबांची नावे एकात गुंफली गेली, यावर वाद घालायला मला आवडते. पण वाचकांना तो आवडेलच असे नाही. पुढे या घराण्याकडे झाशीची सुभेदारी गेली. 1857 च्या जूनमध्ये याच भाऊबंदकीतले पारोळ्याचे सदाशिवराव करेऱ्याच्या किल्ल्यात स्वतःला झाशीचा राजा म्हणवून बसले आणि राणी लक्ष्मीबाईंच्या फौजेने त्यांना तिथून हुसकले. 1859 मध्ये इंग्रजांनी पारोळ्याची जहागीर जप्त केली आणि किल्ला निकामी केला. तट उरले, पाण्याने भरलेला खंदक उरला. माझे बालपण त्या खंदकाच्या काठावर गेले. माझे वडील मात्र त्या खंदकात पोहलेले होते. त्यांच्या पिढीतली बरीच मुले पोहत असत. मी पोहायला शिकलो नाही. आमच्या वेळेपर्यंत त्या पाण्यात उतरावे असे पाणीच राहिले नव्हते.

देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी यांच्यामधली चिंचोळी वाळूची पट्टी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगव्याचा डोंगर दिसतो. संगमाजवळ ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा एक उंचवटा आहे. लोक त्याला 'त्सुनामी बेट' म्हणतात. 2004 च्या डिसेंबरातल्या त्सुनामीनंतर तो वर आला, असे सांगितले जाते. किनाऱ्यावर रंगीत छत्र्या, चहाच्या टपऱ्या आणि दरपत्रकांचे फलक. केळ्याच्या आकाराची बोट, पॅराशूट आणि जेट स्की. एका फेरीला दहा मिनिटे, चालक बरोबर.

"माले नही जानं, तुम्ही जा," पत्नी म्हणाली. हे तिने इतक्या पटकन म्हटले की मागे घेण्याची सोय मलाच उरली नाही.

चालक विशीतला मुलगा होता. त्याने माझ्या छातीवरच्या जाकिटाचे तिन्ही पट्टे ओढून पाहिले, चष्म्याला दोरी बांधायला लावली आणि स्वतःच्या मनगटाला एक लाल वळीदार दोरी अडकवली. तिचे दुसरे टोक इंजिनाच्या बटणात होते. मी विचारले, ही कशाला? तो पाण्यात पडला तर दोरी निघते आणि इंजिन बंद पडते. नाही तर यंत्र एकटेच निघून जाईल. "आणि मी?" "तुम्ही पण माझ्याबरोबर पाण्यातच, काका." हे त्याने मोठ्या आपुलकीने सांगितले.

आता या यंत्राबद्दल थोडे. माझ्यासारख्याला कुठलीही वस्तू दिसली की ती कोणी, कधी आणि का केली, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. जेट स्की हे खरे तर कावासाकी या जपानी कंपनीचे व्यापारी नाव. आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसे जगाने ते सगळ्याच पाणस्कूटरांना लावले. कल्पना अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन यांची. ते मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींचे शौकीन. मातीवर आपटण्यापेक्षा पाण्यावर पडलेले बरे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. कॅनडाच्या बोंबार्डिये कंपनीने 1968 मध्ये त्यांच्या कल्पनेवरून एक वाहन बाजारात आणले, पण ते फारसे चालले नाही. नंतर कावासाकीने 1973 च्या सुमारास उभ्याने चालवायचे यंत्र काढले आणि ते मात्र चालले. समुद्रावर धावणाऱ्या या खेळाची सुरुवात कोरड्या मातीत झाली, हे वाचून आम्हा खानदेशी माणसांना थोडे बरे वाटायला हरकत नाही.

याची खरी गोम तळाशी आहे. बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढायचे आणि मागच्या नळीतून जोराने फेकायचे, की यंत्र पुढे जाते. ही युक्ती व्यवहारात आणली न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी, 1950 च्या दशकात. त्यांच्या भागातल्या नद्या उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. पंखा असलेली बोट तिथे तग धरेना. म्हणजे मुळात उथळ पाण्यासाठीच शोधलेली गोष्ट ही. तिचे वळणही त्या फेकलेल्या पाण्यावरच अवलंबून असते. घाबरून हात सैल केला, पाण्याचा झोत थांबला, की हँडल कितीही फिरवा, यंत्र सरळच जाते. चालकाने ही गोष्ट मला निघण्याआधीच सांगितली होती, कारण पुढच्या फेरीत तो दोन मिनिटे हँडल माझ्या हातात देणार होता. मी तो मान नाकारला.

पहिली दोन मिनिटे मी फक्त त्याच्या पाठीचा रंग पाहिला. नंतर लक्षात आले की आम्ही सरळ जात नाही आहोत. समोर मोकळे, निळे, सपाट पाणी. अडथळा काही नाही. तरी तो आधी डोंगराकडे बराच जाऊन मग समुद्राकडे वळला, आणि येताना पुन्हा तसाच वळसा. मी ओरडून विचारले, सरळ का नाही? त्याने वेग कमी केला आणि बोट दाखवले.

"थंयसर जावचा नाय, काका. पाण्याचो रंग बघा. खाली रेव वर इली हा."

मला रंगात काही फरक दिसला नाही. त्याने पुन्हा दाखवले. मग दिसला, निळ्यात किंचित पिवळट झाक, आणि तिच्यावर लाटेची चाल थोडी वेगळी. यंत्र फूटभर पाण्यातही तरंगेल, पण पोटाखालची जाळी वाळू ओढेल आणि पंप जाईल. आणि ही वाळू एका जागी नसते. पावसाळ्यात नदी ती हलवते. जलक्रीडा पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे दर वर्षी हंगाम सुरू होताना वाट नव्याने शोधावी लागते. कोण शोधते? "आमीच. आधी होडी घेवन जातंव. आजो बघून सांगा, मगे आमी."

त्याचा आजा रापणीचा तांडेल होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. पन्नास-साठ माणसांचा संघ, होडीने अर्धगोल टाकायचे आणि दोन्ही टोकांनी वाळूवर ओढायचे. मासा किती आला, यापेक्षा किती जणांच्या पोटाला वाटा मिळाला, याचा हा धंदा. मोठ्या यांत्रिक बोटींची पर्ससीन जाळी आली आणि किनाऱ्यापर्यंत मासा येणेच कमी झाले. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. तोवर अनेक घरांतली मुले पर्यटकांच्या बोटींवर गेली होती. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याचा हा एक अर्थ.

दहा मिनिटे संपली. माझे कपडे, पाकीट आणि खिशातली टाचणवही ओली झाली. वही ओली झाल्याचे दुःख झाले नाही, कारण तिच्यात अजून काही लिहिलेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्गाला गेलो. या किल्ल्यावर मी पूर्वी एका जिल्हास्तरीय नियतकालिकात लेख लिहिला होता. किल्ला न पाहता. कागद चोख होते. 1664 च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली. बऱ्हाणपूर-खानदेशचा माल ज्या बंदरातून परदेशी जाई, तेच हे बंदर. इंग्रज वकील टॉमस रो 1615 मध्ये सुरतेहून निघाला तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आमच्याच मुलखातून बऱ्हाणपूरला गेला होता. त्याच 1664 च्या 25 नोव्हेंबरला मालवणपुढच्या कुरटे बेटावर पाया घातला गेला. सुमारे 48 एकरांचा किल्ला, दोन मैलांच्या आसपास तट, पायात ओतलेले शिसे, आत गोड्या पाण्याच्या विहिरी. बांधकामाशी हिरोजी इंदुलकरांचे नाव जोडले जाते. मी लेखात लिहिले होते की या किल्ल्याचे बळ त्याच्या तटात आहे. 1765 मध्ये कंपनीतर्फे मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी तो घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी पैसे घेऊन कोल्हापूरकरांना परत केला. हेही मी तटाच्याच भाषेत मांडले होते; तट पाडणे खर्चाचे, राखणे त्याहून खर्चाचे.

आदल्या दिवशीची दहा मिनिटे अंगात नसती तर होडीतही मी तटाकडेच पाहत बसलो असतो. या वेळी पाण्याकडे पाहिले. समोर किल्ला, अंतर अर्ध्या मैलाचे, आणि होडी सरळ जात नव्हती. कातळाचे सुळके काही वर, काही पाण्याच्या जेमतेम खाली. होडीवाला बोलता बोलता, सुकाणूकडे न बघता, त्यांच्यामधून वळत होता. महाराजांना हे बेट दाखवणारे इथलेच दर्यावर्दी होते, अशी इथली परंपरा सांगते. माझ्या लेखात ती एका ओळीत, 'आख्यायिका' असा शिक्का मारून, येऊन गेली होती. पण बेट दाखवणे ही गोष्ट लहान आहे. बेटाकडे जाणारी पाण्यातली वाट दाखवणे ही मोठी गोष्ट, आणि ती माहीत असलेल्या माणसाशिवाय एक दगडही तिथे पोहोचला नसता. तीन वर्षे चुना, शिसे, चिरे आणि धान्य कोणी तरी रोज याच वळणांनी नेले असणार. हिरोजींचे नाव राहिले, गॉर्डन आणि वॉटसन यांचीही राहिली. वाट दाखवणाऱ्यांची जात तेवढी गॅझेटियरात आहे : गाबीत, मासे मारणारे आणि गलबतांवर खलाशी म्हणून जाणारे.

1987 मध्ये याच पाण्यात मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, 29.12 चौरस किलोमीटर. त्याचा गाभा सिंधुदुर्ग-पद्मगडाच्या भोवतीचा. प्रवाळ आणि मासे वाचावेत हा हेतू योग्यच. स्थानिक मच्छीमारांचा विरोधही मोठा होता. नकाशावरच्या सीमारेषा मी दोन्ही दिवस डोळ्यांसमोर आणत होतो. पाण्यात त्या दिसत नाहीत. पिवळट झाक तेवढी दिसते, तीही दाखवली तर.

परतीच्या प्रवासात मला वडिलांचे एक वाक्य आठवत राहिले. मोडी शिकायला मी पुण्याच्या खेपा सुरू केल्या, तेव्हाची गोष्ट. पारोळ्याच्या खंदकात पाणी कुठून भरले जाई, याचा कागद मी शोधत होतो. वडील ओसरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, उगवतीच्या बाजूला एका जागी पोहताना पायाला पाणी गार लागायचे, तिथे तोंड असेल. मी म्हणालो, त्याला पुरावा लागतो. ते पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही की नेमकी कुठली जागा, बुरुजापासून किती हात. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी खंदकाकाठी गेलो. उगवतीच्या बाजूला गाळ, बाभळी आणि प्लास्टिक. गावात वडिलांच्या बरोबरीचे, त्या पाण्यात पोहलेले तीन जण अजून आहेत. एकाला ऐकू कमी येते. नवी वही घेतली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेलो. त्यांनी आधी विचारले, कोणाचा रे तू? नाव सांगितले. मग म्हणाले, बस. तुझा बाप बुडी मारायचा ती जागा दाखवतो, पण चार वाजू दे, ऊन उतरू दे.